अमेरिकेतल्या भावाला मुलगा दत्तक द्यायचाय? मग दत्तकपत्राची घाई करू नका

तासगाव तालुक्यातल्या एका दादांनी विचारलंय, मोठा भाऊ आणि वहिनी न्यू जर्सीला असतात, दोघंही आता अमेरिकन सिटिझन, मूलबाळ नाही. यांना दोन मुलगे, त्यातला धाकटा सहा वर्षांचा, तो भावाला दत्तक द्यायचं घरात ठरलंय. ओळखीचे वकील म्हणाले की सब-रजिस्ट्रारकडं दत्तकपत्र रजिस्टर करू, भटजी बोलावून दत्तविधान करू, चार फोटो काढू, की मग व्हिसाला अप्लाय करायला मोकळे. आता प्रश्न एवढाच की व्हिसाला कुठले कागद लागतात आणि दिवाळीपर्यंत काम होईल का.

दादा, सरळ सांगते, दिवाळीचं सोडा, हे दत्तकपत्रच आत्ता करू नका. स्टॅम्पपेपर घेतला असेल तर तो तसाच कपाटात राहू दे. मी सांगली-मिरजेकडं आणि अधूनमधून साताऱ्यालाही दत्तकाच्या फायलींचं काम करते, म्हणजे होम स्टडीला, घरची पाहणी करायला, घरी जाणं, घरच्यांशी बोलणं, कागद जुळवणं, परदेशातल्या संस्थेशी पत्रव्यवहार, हे सगळं. नात्यातलं दत्तक परदेशात न्यायचं म्हणून जे लोक येतात ना, त्यातले निम्मे तरी दत्तकपत्र करून मोकळे झाल्यावर येतात, आणि तिथून पुढं मग कुणाच्याच हातात फारसं काही राहत नाही.

वकील खोटं बोलले असं मी म्हणत नाही. १९५६ चा हिंदू दत्तक कायदा आहे, त्यात मूल हिंदू, देणारे-घेणारे हिंदू, मुलाचं वय पंधराच्या आत, घेणाऱ्याला आधीचा मुलगा नाही, तुम्ही दोघं राजीखुशीनं देताय, तर दत्तक होतं. घेणारा अमेरिकेचा नागरिक आहे म्हणून काही अडत नाही. रजिस्टर केलेलं दत्तकपत्र असलं की कोर्टसुद्धा ते खरं धरून चालतं. गावातल्या गावात, भावकीत दत्तक असतं तर मीच म्हटलं असतं की करा. पण घोळ पुढं आहे. त्याच कायद्यात असं आहे की एकदा झालेलं दत्तक मोडता येत नाही. घेणाऱ्याला नाही, देणाऱ्याला नाही, आणि मुलालाही परत जन्मदात्यांच्या घरात जाता येत नाही. सही झाली त्या दिवसापासून तो कायद्यानं तुमच्या भावाचा मुलगा आणि तुम्ही त्याचे काका. आणि मग अमेरिकेनं व्हिसा दिला नाही तर?

हे नुसतं घाबरवायला सांगत नाहीये. खटाव भागातल्या एका घरात मी गेले होते, तिथं असंच झालेलं. पोरगं जन्मल्यापासून त्याच घरात, त्याच आईच्या कुशीत झोपणारं, पण शाळेच्या फॉर्मवर पालक म्हणून वडिलांनी सही केलेली आणि शेजारी ‘विद्यार्थ्याशी नाते’ या रकान्यात लिहिलेलं, काका. आईचं नाव म्हणून परदेशातल्या जावेचं नाव. प्रत्येक दाखल्याला, बँकेच्या खात्याला, पासपोर्टला सही कुणाची तर परदेशातल्या माणसाची, आणि तिकडं त्या माणसाला हे मूल आपल्याजवळ नेता येत नाही. नुसती कागदावरची भानगड म्हणून सोडून द्यावं असंही नाही, कारण ते पोरगं आता वाचायला लागलंय आणि फॉर्म त्याच्याच दप्तरात असतात.

तर मूळ मुद्दा. मूल एका देशातून दुसऱ्या देशात दत्तक म्हणून न्यायचं तर त्याचा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, २९ मे १९९३ ला हेग शहरात झालेला, म्हणून सगळे त्याला हेग कन्व्हेन्शन म्हणतात. भारत त्यात २००३ पासून आहे, अमेरिकेत तो १ एप्रिल २००८ पासून लागू झाला. त्याचं सार एवढंच की दोन्ही देशांच्या सरकारी यंत्रणांनी आधी होकार द्यायचा, दत्तक त्याच्यानंतर. आपल्याकडची यंत्रणा म्हणजे दिल्लीची कारा, केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण. शिवाय आपला २०१५ चा बाल न्याय कायदा, त्यात कलम ५६ मध्ये स्पष्ट लिहिलंय की परदेशातलं दत्तक याच कायद्यानं आणि याच नियमांनी होणार, आणि कलम ६० खास नात्यातल्या दत्तकासाठी, म्हणजे परदेशातल्या नातेवाइकानं इथल्या नातेवाइकाचं मूल घ्यायचं तर आदेश लागतो आणि काराची एनओसी लागते. आदेश पूर्वी कोर्टाचा असायचा, १ सप्टेंबर २०२२ पासून कायदा बदलून ते काम जिल्हाधिकाऱ्यांकडं दिलं.

ही कडक शिस्त उगाच आलेली नाही. ऐंशीच्या दशकात परदेशात मुलं पाठवण्याच्या नावाखाली काय काय चालायचं यावर लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं, त्या पत्रालाच याचिका मानून १९८४ मध्ये न्यायमूर्ती भगवतींनी निकाल दिला, आजचे सगळे नियम त्याच मुळातून फुटलेत. त्यामुळं ‘आपलंच मूल, आपलाच भाऊ, सरकारचा काय संबंध’ हे वाक्य मी घरोघरी ऐकते आणि समजूही शकते, पण नियम बनवताना समोर तुमचं घर नव्हतं, तो बाजार होता.

आणि परवानगी आधी की दत्तक आधी, याचा झटका आपल्या भागाला काही नवा नाही बरं का. १८४८ साली साताऱ्याचे छत्रपती आप्पासाहेब महाराज गेले, त्यांनी जाण्याआधी दत्तक घेतलं होतं, धर्मशास्त्राप्रमाणं ते सगळं रीतसर होतं, पण कंपनी सरकारची आधी मंजुरी नव्हती म्हणून गव्हर्नर जनरल डलहौसीच्या काळात सातारचं राज्य खालसा झालं. ते राजकारण होतं, लबाडीच होती, त्याची आणि आजच्या कायद्याची बरोबरी मी करत नाही. पण दत्तक इथं खरं असलं तरी मान्यता ज्याच्या हातात आहे त्यानं ते मानलं पाहिजे, हे सातारकराला वेगळं समजावून सांगायला लागू नये.

आता तुमच्या केसमधली खरी अडचण, आणि ही इथले फार कमी लोक सांगतात कारण ती आपल्या कायद्यात नाही, अमेरिकेच्या कायद्यात आहे. अमेरिकन नागरिकाला भारतातून मूल दत्तक न्यायचं तर आधी आय-८००ए नावाचा फॉर्म, त्यात हे जोडपं दत्तक घ्यायला योग्य आहे का ते तपासतात, तो मंजूर झाला की मग त्या ठराविक मुलासाठी आय-८००. मुलाचं वय तो फॉर्म भरताना सोळाच्या आत हवं. आणि आय-८०० ला तात्पुरती मंजुरी मिळायच्या आधी दत्तक झालेलं नको, हा त्यांचा नियम. म्हणजे आधी दत्तकपत्र केलं की तुम्ही स्वतःच्या हातानं दार लावून घेतलंत. पण समजा नाही केलं, सगळं क्रमानं केलं, तरी पुढचा प्रश्न राहतोच, मुलाचे आई-वडील दोघंही हयात असतील तर ते दोघंही मुलाला नीट सांभाळायला असमर्थ असले पाहिजेत. ही अट आहे. असमर्थ म्हणजे खरंच असमर्थ, अत्यंत गरिबी, मोठं आजारपण, मानसिक आजार, लांबची जेल, या अशा गोष्टी.

तुमची द्राक्षबाग आहे, घर आहे, मोठा मुलगा इंग्लिश मीडियमला जातोय. तुम्ही असमर्थ आहात हे कुठल्या तोंडानं लिहायचं? आणि लिहू पण नका. कुणी एजंट सांगेल की तहसीलदाराकडनं उत्पन्नाचा कमी दाखला काढू, आजारपणाचं सर्टिफिकेट आणू, तर त्याला तिथूनच रामराम करा. असले कागद पडताळणीला येतात आणि एकदा खोटं सापडलं की भावाच्या रेकॉर्डवरही तो डाग बसतो.

आणि नात्यातलं मूल आहे म्हणून आपलं कोर्टही सैल सोडत नाही. २०२५ च्या जुलैमध्ये मुंबई हायकोर्टात तुमच्या उलट दिशेचं प्रकरण होतं, भारतीय जोडप्याला नात्यातलं, पण अमेरिकन नागरिक असलेलं मूल दत्तक घ्यायचं होतं. कोर्टानं याचिका फेटाळली. मूल काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्यांपैकी नाही आणि अमेरिकन मूल दत्तक घेणं हा भारतीयाचा मूलभूत हक्क नाही, मूल नात्यातलं असलं तरी, असं म्हटलं. तुमच्या वकिलांना तो निकाल वाचायला सांगा, एवढं एक काम केलं तरी बाकीची चर्चा आपोआप बदलेल.

मग रस्ताच नाही का? नात्यातलं दत्तक अमेरिकेला होतच नाही असं नाही. मुलाचे आई-वडील दोघंही वारलेत आणि आजी-आजोबा थकलेत, अशा केसमध्ये काका किंवा मावशीनं नेलेलं असतं. तुमच्यासारख्या घरासाठी माझ्या माहितीत एकच वाट आहे ती म्हणजे भाऊ-वहिनींनी मुलाला दत्तक घेऊन अमेरिकेबाहेर, म्हणजे इथंच, त्याच्यासोबत दोन वर्षं राहायचं, ताबाही त्यांचाच आणि राहणंही खरोखरचं, सुट्टीत येऊन-जाऊन नाही. मग वेगळ्या फॉर्मवर विचार होऊ शकतो. पण न्यू जर्सीतली नोकरी, घराचा हप्ता सोडून दोन वर्षं तासगावात कोण येणार? भावाला स्पष्ट विचारा. आणि तो हो म्हणाला तरी तिकडच्या इमिग्रेशन वकिलाचा लेखी सल्ला हातात आल्याशिवाय इथं काही करू नका.

बाकी वाचणाऱ्यांसाठी, कारण आपल्याकडनं काय फक्त अमेरिकेलाच लोक गेलेत असं नाही. भाऊ कुठल्या देशात राहतो एवढं सांगून भागत नाही, पासपोर्ट कुठला ते आधी सांगा. भाऊ अमेरिकेत आहे पण ग्रीन कार्डवर, म्हणजे अजून भारतीय नागरिक, तर त्याला आय-८०० भरताच येत नाही, त्याला दत्तकानंतर दोन वर्षं मूल सोबत ठेवल्याशिवाय पुढं जाता येत नाही, म्हणजे फिरून तेच. भाऊ दुबईला असेल आणि पासपोर्ट भारताचा, तर तिथं काराची मान्यताप्राप्त संस्था नसेल तेव्हा भारतीय वकिलातीतून होम स्टडीचं काम सुरू होतं. युरोप, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, प्रत्येकाची आई-वडील हयात असण्याबद्दलची भूमिका वेगवेगळी, ती त्या देशातल्या दत्तक यंत्रणेलाच विचारायची, मला किंवा तुमच्या वकिलाला नाही.

तिथं होकार असला तर क्रम साधारण असा असतो, तिकडच्या मान्यताप्राप्त संस्थेनं भावाच्या घरी होम स्टडी करायचा, मग काराच्या केअरिंग्ज पोर्टलवर नोंदणी, मग इकडं जिल्हा बाल संरक्षण कक्षाची माणसं तुमच्या घरी येणार आणि कौटुंबिक पार्श्वभूमीचा अहवाल करणार, मग तिकडच्या सरकारचं पत्र की हे मूल आमच्या देशात येऊ शकतं, राहू शकतं, मग जिल्हाधिकाऱ्यांकडं अर्ज, आदेश, काराची एनओसी, पासपोर्ट, व्हिसा. गेल्यावरही दोन वर्षं तिकडची संस्था मुलाच्या प्रगतीचे अहवाल पाठवते, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी सहा महिन्यांनी. ज्यांचं हिंदू कायद्यानं दत्तक आधीच झालंय त्यांच्यासाठी २०२१ मध्ये नियमात वाट काढलीय, जिल्हाधिकाऱ्यांची पडताळणी आणि मग काराची एनओसी, पण हेग देश असेल तर त्या देशाचं पत्र तिथंही लागतंच, त्यामुळं अमेरिकेवाल्यांनी त्यावर फार उड्या मारू नयेत.

आणि नातेवाईक म्हणजे कोण हे पण बघा. या कायद्यात काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा, संपलं. चुलतभावाचं मूल, मेव्हणीच्या जावेचं मूल, हे आपल्याकडं घरचंच असतं, लग्नपत्रिकेत नावं असतात, पण इथं धरत नाहीत.

कागदांचं एक सांगते कारण सगळ्यात जास्त महिने तिथंच जातात. मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव एक, आधारवर दुसरं, लग्नाची नोंदणीच नाही, वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर आडनाव नाही नुसतं गावाचं नाव, आणि भावाच्या अमेरिकन पासपोर्टवर आडनावाचं स्पेलिंग तिसरंच. हे दोघं सख्खे भाऊ आहेत हे कागदावर सिद्ध करायचं असतं, तुमच्या चेहऱ्यावरून नाही. वंशावळ, दोघांचे शाळेचे दाखले, आई-वडिलांची नावं, हे आधी जुळवा. ग्रामपंचायतीतला माणूस ओळखीचा आहे म्हणून कुणी ‘जन्मदाखल्यावर डायरेक्ट भावाचंच नाव लावून घेऊ’ म्हणालं तर ऐकू नका. वकिलातीला शंका आली की ते डीएनए टेस्ट मागतात आणि नियम डावलून मूल दत्तक दिलं-घेतलं तर बाल न्याय कायद्याच्या कलम ८० मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखाचा दंड किंवा दोन्ही आहे. भावाभावांत पैशाची देवाणघेवाण झाली, मग ती बागेच्या कर्जाच्या नावानं का असेना, तर प्रकरण कलम ८१ कडं, म्हणजे मुलाच्या विक्रीकडं वळू शकतं. म्हणून तुमच्यात जमिनीचा किंवा कर्जाचा कुठला व्यवहार चालू असेल तर तो आणि दत्तकाचा विषय चुकूनही एकत्र करू नका.

काही जण दबक्या आवाजात विचारतात की पोरगं मोठं होऊन सिटिझन झालं की आम्हाला ग्रीन कार्डला बोलावेल ना. नाही. दत्तक दिलेल्या मुलाच्या नात्यावरून जन्मदात्या आई-वडिलांना अमेरिकेत असा कुठलाच फायदा मिळत नाही. हिशोबात ते असेल तर आजच काढून टाका.

आता जे तुम्ही लिहिलेलं नाही त्यावर. तुमच्या अख्ख्या प्रश्नात भाऊ आहे, वहिनी आहेत, वकील आहेत, आईंची म्हणजे तुमच्या आईची इच्छा आहे. मुलाच्या आईचं काय म्हणणं आहे ते कुठंच नाही, ‘घरात सगळ्यांचं ठरलंय’ यात त्या आल्या असतील असं धरून चालायचं का? होम स्टडीला गेले की मी बघते, बैठकीत सासूबाई, दीर, कधी गावातले एखादे तात्या, सगळे बोलायला पुढं, आणि मुलाची आई आत चहा करत असते. विचारलं तर उंबऱ्यातूनच, हातात गाळणी तशीच, ‘यांचं जे म्हणणं तेच माझं.’ मी तेव्हा सगळ्यांना अंगणात बसवते आणि त्यांच्याशी आत एकटीशी बोलते, पुन्हा दुसऱ्या दिवशी फोन करते. हिंदू कायद्यातसुद्धा आईच्या संमतीशिवाय वडिलांना मूल दत्तक देता येत नाही, आणि संमती म्हणजे नुसता अंगठा नाही. एका ताईंनी मला फोनवर सांगितलं होतं की दिराला मूल नाही याचं त्यांनाही वाईट वाटतं, पण सणावाराला तिकडनं व्हिडिओ कॉल आला की आपलाच मुलगा आपल्याला काकू म्हणणार, ते ऐकायला बळ कुठनं आणू. त्या फाइलवर मी प्रतिकूल अहवाल दिला, घरचे चिडले, आजही रस्त्यात दिसले तर बोलत नाहीत.

आणि तुमचा मुलगा सहा वर्षांचा आहे. पाच वर्षांच्या पुढच्या मुलाची संमती नियमातच घ्यायची असते. त्याला अमेरिकेत खेळणी मिळतात एवढं सांगून विचारलं तर तो हो म्हणणारच, त्याला संमती म्हणत नाहीत. तुम्ही त्याला काय सांगितलंय ते लिहिलं नाहीत. काहीच सांगितलं नसेल तर सध्या तसंच राहू द्या, वरच्या सगळ्या गोष्टींचं उत्तर आल्याशिवाय त्याच्यासमोर हा विषयसुद्धा काढू नका, सहा वर्षांचं पोर ‘मला देऊन टाकणार’ एवढंच ऐकतं आणि रात्री झोपेत बोलतं.

तुमच्या भावाला खरंच मूल हवं असेल तर त्यांच्यासाठी दुसरी वाट उघडी आहे, आणि माझ्या मते तीच त्यांनी आधी बघावी. अमेरिकेतल्या काराच्या मान्यताप्राप्त संस्थेमार्फत नोंदणी करून इथल्या दत्तक संस्थांमधलं मूल. तिथं जोडप्याच्या वयाची बेरीज बघतात, दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी ८५, दोन ते चारला ९०, चार ते आठला १००, त्यापुढं ११०. भाऊ ४७ चे आणि वहिनी ४४ च्या म्हणताय, बेरीज ९१, म्हणजे तान्हं बाळ मिळणार नाही, चारच्या पुढचंच मूल. तसंही परदेशात जातात ती मुलं बरीचशी मोठी, भावंडांची जोडी, किंवा काही आजार-अपंगत्व असलेली. तान्ह्या बाळाची वाट बघत बसलेली जोडपी इथंच इतकी आहेत की ती परदेशापर्यंत क्वचितच जातात. भावाच्या मनात ‘आपल्याच रक्ताचं’ हे किती घट्ट बसलंय ते तुम्हाला माहीत, ते नसेल तर पाच-सहा वर्षांची एखादी मुलगी त्यांना मिळू शकते, आणि मुलांच्या घरांतून अशा मुली कुणी न्यायला येईल म्हणून दारात बघत असतात हे मी रोज बघते.

म्हणून आत्ता करायचं ते एवढंच की वकिलांकडं दिलेले ओरिजिनल दाखले परत आणा, आणि भावाला म्हणावं तिकडच्या संस्थेला फोन करून एकच विचार, मुलाचे आई-वडील दोघंही धडधाकट आहेत, तरी आय-८०० होईल का. उत्तर लेखी, ईमेलवर घ्यायला सांगा. फोनवर गोड बोलणाऱ्या आणि आधी फी भरा म्हणणाऱ्या संस्था तिकडंही आहेत, म्हणून ती काराच्या यादीत आहे का ते काराच्या साइटवर बघूनच पैसे भरा.